पाळकाच्या घरचे शेवटी

विजयश्रीने कणकेचा गोळा परातीत इतक्या जोराने आपटला की बाहेरच्या खोलीत वाचत बसलेला निरंजन थबकलाच!

"काय झालं, ताई?"

"शेवटचं वाक्य पुन्हा वाच बरं, निरू."

संत तुकाराम नगरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आज सकाळपासून लगबग होती. पाळक ज्योतीराम साळवे, म्हणजे तिचे आप्पा, आज सेवेतून निवृत्त होणार होते. पंचेचाळीस वर्षं सायकल दामटत या माणसाने पिंपरीपासून देहूरोड आणि चाकणपर्यंत नऊ ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या होत्या. जिथे चार कामगार प्रार्थनेला जमले, तिथे सतरंजी अंथरली आणि मंडळी पायावर उभी राहिली की ती दुसऱ्याच्या हाती सोपवून हे पुढच्या वस्तीला! धाकटा निरंजन नाशिकला पाळक होता. तो कालच आला होता आणि दुपारी वाचायचा आप्पांचा जीवनवृत्तांत आप्पांनाच ऐकवत होता.

निरंजनने घसा साफ केला. "चाकणच्या मंडळीला छप्पर नव्हतं. आप्पांनी गुडघे टेकले आणि प्रभूने पत्रे पुरवले."

"अस्सं! आणि तो प्रभू कुठल्या शिफ्टला होता रे?"

निरंजन गोरामोरा झाला. खुर्चीतल्या आप्पांनी मान वर केली. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून त्यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि ज्या वाणीने कामगारांच्या वस्त्याच्या वस्त्या जागवल्या, ती वाणी आता एकेका शब्दासाठी अडखळत होती.

"प्रभूने पत्रे पुरवले, प्रभूने बाजाची पेटी पुरवली, प्रभूने निरंजनला बायबल कॉलेजात धाडलं..." विजयश्रीचा आवाज चिरकला. "सतराव्या वर्षी कॉलेज सोडून शिलाई मशीनवर बसले मी! गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवता शिवता सुई या बोटातून आरपार गेली, तरी पट्टी बांधून ओव्हरटाइम केला, कारण तळवड्याच्या लोकांना बसायला सतरंज्या नव्हत्या. त्या रविवारी आप्पा काय म्हणाले, आठवतंय? प्रभूने सतरंज्या पुरवल्या! आणि मी शेवटच्या रांगेत बोट ठणकत असताना आमेन म्हणाले!"

खोटं काय होतं त्यात? देहूरोडच्या एका शिक्षकाची सोयरीक आली होती, आप्पांनी तर होकारही भरला होता. पण आईचं दुखणं बळावलं, निरंजनचं शिक्षण अर्ध्यावर होतं आणि पोरीने आपल्याच तोंडाने नाही म्हणून सांगितलं. तो हुंदका तिने उशीत दाबला होता. तिला ना हार हवा होता ना शाल. आप्पांच्या तोंडून, चारचौघांत, एकदाच आपलं नाव ऐकायचं होतं तिला! तीस वर्षं ती त्या एका शब्दाची वाट पाहत होती आणि आता तर आप्पांचे शब्दच हातातून निसटत चालले होते.

"ताई, अगं माणसाचा गौरव कशाला? आपण तर निमित्तमात्र..."

"तू बोलू नकोस! आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याने नम्रतेचे धडे देऊ नयेत."

आप्पा अडखळत बोलू लागले. "उजव्या... हाताचं... डाव्या..."

"पुरे, आप्पा! वचनं पाठ आहेत मला. माणसं पाठ करायची राहिली तुमची." तिने डोळे पुसले आणि लाटणं उचललं. "आजच्या प्रभुभोजनाची भाकर करते, ती शेवटची. चाकणला कंपनीजवळ खोली बघितलीय. उद्यापासून मी तिथे. निरू तुम्हाला नाशिकला नेईल."

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी चाकणच्या त्याच पत्र्यांखाली नऊही मंडळ्यांची माणसं दाटीवाटीने बसली होती. विजयश्री दाराजवळ, शेवटच्या रांगेत. ही काही आजची जागा नव्हे! पिंपरीच्या एका खोलीत पहिलं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणात एकच भाकर मोडून वाटून घेण्याचा विधी, झालं तेव्हा एक भाकर आणि तीस माणसं होती. तुकडे पुरेनात म्हणून आप्पांनी नियम घातला की पाळकाच्या घरचे शेवटी घेतील. पुढे मंडळ्या भरभराटल्या, ताटं चांदीसारखी लखलखीत झाली, पण नियम काही हलला नाही. भाकर विजयश्रीने मळायची, लाटायची, भाजायची. आणि ताट फिरत फिरत तिच्यापर्यंत यायचं तेव्हा त्यात कडेचा वाळका तुकडा नाहीतर नुसता चुरा असायचा. आज ताट आलं की तसंच परत करायचं आणि दारातून निघून जायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

निरंजनने वृत्तांत वाचला. सकाळच्या बोलण्याने त्याचा आवाज खाली गेला होता, पण कागदावरचा एक शब्दही त्याने बदलला नाही! पत्र्यांचं वाक्य आलं तशी शेजारच्या म्हाताऱ्या शालनबाईने विजयश्रीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पत्रं तूच आणलंस गं बाई. आमास्नी समद्यांस्नी ठावं हाय."

"ठाऊक होतं?" विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तीस वर्षांत एकालाही बोलावंसं वाटलं नाही, शालनमावशी?"



प्रभुभोजनाची वेळ झाली. आप्पांनी खुर्चीतूनच, डाव्या हाताने, निरंजनने धरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. रीतीप्रमाणे पहिला तुकडा घ्यायला मंडळीचे पंच उद्धवराव पुढे आले आणि त्यांनी हाताची ओंजळ केली. आप्पांनी तुकडा दिला नाही. क्षण गेला, दोन क्षण गेले... उद्धवराव चुळबुळले.

"पाळकसाहेब?"

"थांबा." आप्पांची नजर माणसांच्या डोक्यांवरून थेट दाराशी गेली. "वि... विज..."

शब्द येईना. म्हाताऱ्याच्या कपाळावरची शीर ताठरली, गालांवरून आसवं ओघळू लागली. निरंजन वाकून म्हणाला, "आप्पा, मी सांगू का?" तर त्यांनी त्याला डाव्या कोपराने बाजूला सारलं.

"विजयश्री!"

पण इतक्या वर्षांचा संताप एका हाकेने विरघळायला तो काय बत्तासा होता? ती उभी राहिली, मधल्या वाटेने चालत आली आणि बापासमोर हात न पसरताच उभी ठाकली.

"का, आप्पा? आज का? इतकी वर्षं का नाही?"

"उजवा हात काय करतो... ते डाव्याला... कळू नये, असं लिहिलंय." एकेक शब्द ते जणू विहिरीतून ओढून काढत होते. "वाटलं, इथं तुझं कौतुक झालं... तर वरचं प्रतिफळ... जाईल तुझं. म्हणून नाव... मुद्दाम... नाही घेतलं. रोज... प्रार्थनेत घेतलं."

हे होतं कारण! तिला विसरले नव्हते... तिच्यासाठी स्वर्ग राखत बसले होते! विजयश्रीला हसावं की रडावं कळेना. उफाळून आला तो पुन्हा रागच.

"माझ्या स्वर्गाची काळजी तुम्हाला कुणी करायला सांगितली होती? मला इथं हवं होतं, आप्पा! इथं, या पत्र्यांखाली!"

"व्हय... चुकलो." शहरात उभी हयात काढलेल्या आप्पांच्या तोंडी त्यांच्या गावाकडची बोली आली. त्यांनी मांडीवरच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. "उजवा गेला माझा. आता डाव्याला... कळू दे." मग मान वळवून त्यांनी मंडळीकडे पाहिलं. "पत्रे... हिनं आणले. पेटी... हिनं. निरंजनला... हिनं शिकवलं. प्रभूने पुरवलं... ते हिच्या हातानं. मी... हात झाकला."

निरंजनने हातातला कागद मुकाट्याने फाडला आणि सगळ्यांदेखत बहिणीच्या पायांना हात लावला. मागच्या रांगेत शालनबाई ओक्साबोक्शी रडत होती. उद्धवराव दोन पावलं मागे सरले.

"पण आप्पा, नियम?" विजयश्रीने विचारलं. "पाळकाच्या घरचे शेवटी ना?"

"मी आता... पाळक न्हाई. तुझा बाप हाय. आधी... तू."

आप्पांचा डावा हात पुढे आला. त्या हाताखाली तिने आपली ओंजळ धरली, जुन्या सुईची खूण असलेलं बोट वर आलं आणि आप्पांनी तुकडा नेमका त्या खुणेवर ठेवला.

विजयश्रीने तो तोंडात घातला. तीस वर्षं ती ही भाकर लाटत आली होती, पण तिचा मधला मऊ भाग कसा लागतो हे तिला आज पहिल्यांदा कळलं.