पुसलेला माणूस

तनुजा औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात शिरली ती टॅब्लेटवर काढून छापून घेतलेल्या चित्राची फ्रेम करून घ्यायला. दुकानदार शिवमनं चित्र उजेडात धरलं, कानामागची पेन्सिल काढली, आणि… माप घ्यायचंच विसरला.

"फ्रेमचं नंतर बघू. माझ्या गॅलरीत लावता का?"

गॅलरी म्हणजे दुकानामागच्या खोलीची एक भिंत. पण मोठ्या दालनांनी 'कॉम्प्युटरची चित्रं घेत नाही' म्हणून तिला वाटेला लावलं होतं, आणि हा माणूस स्वतःहून विचारत होता. ती हो म्हणाली. मग गावाहून, फुलंब्रीहून, येणारी बस तिला रोजचीच झाली.

"आज काय, खिळा बघायला आलात?" तो विचारायचा.

"व्हय. तुमच्या खिळ्यांचा भरवसा नाय."

"मग उद्या पण बघून जा की…"

प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर तिचं नवं चित्र होतं, शहागंजचा बाजार. मधोमध सीताफळांची हातगाडी. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक बद्रीनाथ सर समोर उभे राहिले आणि भरल्या खोलीत म्हणाले, "हे मशीननं काढलंय. पोरीनं नुसतं बटण दाबलं." चार माना डोलल्या.

शिवमचं डोकं फिरलं. "सर, टॅब्लेटात रेघन्‌रेघ रेकॉर्ड होते. आत्ता पडद्यावर लावतो."

तनुजाचा हात टॅब्लेटकडं गेला. रेघन्‌रेघ… म्हणजे पुसलेलीही! नको म्हणावं, तर सहा महिन्यांचं काम मशीनच्या नावावर जाणार. लाजेपेक्षा तिला राग मोठा आला.

"लावा," ती म्हणाली.

पडद्यावर रस्ता उमटला, दुकानं उमटली. मग मधोमध एक माणूस—कानामागं पेन्सिल. त्याच्या भुवईवर तिचा हात किती वेळ रेंगाळला होता, ते साऱ्या खोलीनं पाहिलं. मग तो पुसला गेला आणि तिथं सीताफळांची हातगाडी आली.

सरांनी पडद्याकडं पाहिलं, मग शिवमच्या कानाकडं. "हात तुझाच हाय, पोरी," ते हळूच म्हणाले. "मशीन काय लाजून पुसत नसतं."

कुणीतरी खुदकन हसलं. शिवम कानापर्यंत लाल झाला होता.

"मला का पुसलं?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना दिसलं असतं… म्हणून."

"आणि आता?"

तनुजानं खोलीभर नजर फिरवली. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं. तिनं टॅब्लेट हातात घेतला आणि पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, हातगाडीशेजारी पहिली रेघ ओढली.

"हलू नकोस," ती म्हणाली. आजवर तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

तो हलला नाही.