बाबांचा गोटा

खरं सांगते, त्या दुपारी मला भीती नाही वाटली, चीड आली. भीती आता वाटते.

मी हसनाबादला माहेरी परतले ती मडकी घडवायला. लग्नाआधी संभाजीनगरच्या एका क्लासात विजेच्या चाकावर शिकले होते, कारण घरच्या चाकाला बाबांनी कधी हात लावू दिला नाही. पोरींनी माती मळायची, बस. लहानपणी चोरून घडवलेलं माझं बोळकं त्यांनी माझ्यादेखत टाचेखाली चिरडलं होतं. गेल्या वर्षी ते वारले आणि मी जालन्यातली नोकरी सोडली. एक तरी माठ माझ्या हातचा व्हायला हवा होता.

पण हात सगळं विसरले होते. माठ चाकावरून उतरला की आत गोल दगड धरायचा, त्याला आम्ही गोटा म्हणतो, आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत पोट फुगवायचं. तिथेच माझे माठ फाटायचे.

आमच्या घरात गेलेल्या माणसाचा गोटा नदीत सोडतात. आई मागेच लागली होती.

"संध्ये, सोडून ये तो. त्येला हात न्हाई लावायचा."

"जिवंत होते तव्हा बी लावू देला न्हाई. आता मीच वापरणार."

बाबांचा गोटा घेतला आणि माठ फाटायचे थांबले. मी खूश होते. मग एका दुपारी घाम पुसायला गोटा आतच सोडून डावा हात माठातून काढला. उजवा सवयीने ठोकतच होता. भिंत दबली नाही. आतून कुणीतरी बरोबर तिथेच गोटा टेकवत होतं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे इतके दिवस घडवत कोण होतं?

"हात काढा, बाबा... माझा माठ हाये."

मी थापटणं खाली ठेवलं. आतलं ठोकणं चालूच राहिलं... थप... थप...

तो ओला माठ मी टाचेखाली चिरडला. गोटा नेऊन नदीत फेकला.

मग नव्या, लहान दगडाने एक माठ घडवला. एका अंगाने पार वाकडा, पण माझा. भट्टीतून काढला तेव्हा आत काहीतरी गडगडलं. बॅटरी लावून पाहिलं, बाबांचा गोटा. माठाचं तोंड त्याच्याहून अरुंद होतं.

"फोड..." आई कुजबुजली.

"न्हाई फोडणार. माझा हाये तो. बसू दे बाबांना आत."

माठ कोपऱ्यात ठेवलाय. भाजलेली माती पुन्हा हलत नाही, हे कुणीही सांगेल. काल झाडताना मी त्याच्यावरून हात फिरवला. वाकडी बाजू सापडली नाही.