कोरा तास

डॉ. अन्वर जमादार यांनी प्रात्यक्षिकासाठी कोणा कसबी कारागिराला नव्हे, तर संशोधन केंद्राच्या उपाहारगृहातल्या आचाऱ्याला बोलावलं होतं. त्या माणसाने आयुष्यात कधी ओतकामाच्या वाळूला हात लावला नव्हता. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत, कंपनीच्या एकोणीस ओतकाम कारखान्यांच्या व्यवस्थापकांसमोर त्याच्या डोळ्यांवर एक चष्मा आणि हातांत मोजे चढवण्यात आले. वीस मिनिटांत त्याने पंपाचं लोखंडी कवच ओतण्यासाठी वाळूचा निर्दोष साचा तयार करून दाखवला.

डॉ. जमादारांनी घडवलेल्या या यंत्रणेचं नाव होतं सूचक. पुढची कृती काय, ते चष्म्याच्या काचेवर दिसे. मोज्यांमधले संवेदक बोटांचा दाब मोजत आणि तो कमीजास्त झाला की मोजा हलकेच थरथरे. शिवाय प्रत्येक कामगाराचे हात काय करतात याची नोंद होत राही. त्या नोंदींवरून सूचक स्वतःही शिके आणि सुधारलेल्या सूचना सगळ्या कारखान्यांना पाठवी.

टाळ्या थांबल्यावर शेवटच्या खुर्चीवरच्या हेमांगी मगदूमने विचारलं, की चष्मा काढला तर हे गृहस्थ दुसरा साचा करू शकतील का. हेमांगी कंपनीच्या कोल्हापूरच्या कारखान्याची प्रमुख होती आणि बावीस वर्षं तिने वाळूत आणि भट्टीसमोर काढली होती. डॉ. जमादार प्रामाणिकपणे म्हणाले, नाही. पण त्यांना पुढे बोलू न देता उत्पादनप्रमुख श्रीरंग केळुसकर उठले.

"पूर्वी एक माणूस तयार व्हायला सहा वर्षं लागायची," ते म्हणाले. "शिकणं हाच उत्पादनातला सर्वांत मोठा अडथळा होता. तो आपण काढून टाकला आहे."

जाताना प्रत्येक व्यवस्थापकाला एक बटण देण्यात आलं. कानामागे चिकटवायचं हे बटण म्हणजे नेतृत्वसूचक. आजूबाजूचं बोलणं ऐकून ते कानात पुटपुटे: आता शाबासकी द्या, आता दोन क्षण थांबा, रजा नाकारताना आधी घरची चौकशी करा. केळुसकरांनी आपलं बटण तिथेच कानामागे लावलं.

हेमांगीने ते आठवडाभर वापरलं. एका सकाळी बटणाने सुचवलेल्या शब्दांत तिने माणिक सुतार या, सूचक आल्यावरच कामाला लागलेल्या, साचेकामगाराचं कौतुक केलं. माणिक कसनुसा हसला. बाजूच्या शेडचा पर्यवेक्षक, त्यालाही असंच बटण मिळालं होतं, तासाभरापूर्वी अगदी हेच, याच शब्दांत बोलून गेला होता. हेमांगीने बटणाचा आवाज बंद केला. ते जवळ बाळगण्याची सक्ती होती आणि त्याचं ऐकणं काही बंद करता येत नसे, म्हणून तिने ते खिशात टाकलं. त्यानंतर ती माणसांशी आपल्याच शब्दांत बोलू लागली. ते शब्द कधी जमत, कधी फसत.

दोन वर्षं गेली. माणिकच्या हातून या काळात एकही साचा वाया गेला नव्हता. त्याला गटप्रमुख करावं असं हेमांगीच्या मनात आलं आणि त्या दिवशी सहज, त्याच्या डोळ्यांवर चष्मा नसताना, तिने मूठभर वाळू त्याच्या हातावर ठेवून विचारलं, ओली आहे की कोरडी? कोणत्याही जुन्या साचेकामगाराने ती मुठीत दाबली असती, ढेकूळ मोडून पाहिलं असतं आणि सांगितलं असतं. माणिक नुसता तळव्याकडे बघत राहिला.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो तिच्या केबिनमध्ये आला.

"मॅडम, तीस हजार साचे झाले माझ्या हातनं," तो म्हणाला. "पण ते मी केले असं म्हणता येत न्हाई. उद्या हा चष्मा काढून घेतला तर मला काय येतंय, सांगा की."

तिने पुण्याला डॉ. जमादारांना फोन लावला आणि विचारलं, की तीस हजार वेळा एकच काम करूनही माणूस ते शिकत कसा नाही.

"कारण त्याचा एकदाही अपेक्षाभंग झालेला नाही," जमादार म्हणाले. "मेंदू प्रत्येक कृतीआधी अंदाज बांधतो, की असं केलं तर असं होईल. अंदाज खरा ठरला तर मेंदू काहीच बदलत नाही. चुकला तरच त्याच्यातल्या जोडण्या नव्याने बांधल्या जातात. शिकणं म्हणतात ते एवढंच."

"आणि चष्मा लावल्यावर?"

"अंदाज बांधायचं कामही चष्माच करतो. माणसाचा अंदाजच नसतो, मग तो चुकणार कुठून?"

"हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

जमादार हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हेमांगीने दुपारी दोन ते तीन हा तास कोरा ठेवला. त्या तासात चष्मे काढून ठेवायचे. मोज्यांची थरथर बंद करायची, पण मोजे हातात हवेत, कारण सुरक्षेच्या नियमात ते होते. कोऱ्या तासातल्या साच्यांत लोखंडाचा रस वेगळ्या कोपऱ्यात ओतायचा आणि ओतताना बाकी सगळ्यांनी लांब उभं राहायचं. पुण्याला तिने सरळ कळवून टाकलं, की मी असं करते आहे. परवानगी मागितली नाही.

पहिल्या आठवड्यात निम्मे साचे ढासळले. दणकट पुरुष नवशिक्या पोरांसारखे एकमेकांकडे चोरून बघत होते. हेमांगीला स्वतःला सर्वांत जड गेलं ते गप्प राहणं. माणूस पाणी जास्त घालतोय हे दिसत असे, शब्द ओठांवर येत, आणि ती हात पाठीमागे बांधून उभी राही. साचा मोडला की ती एवढंच विचारी, की तुला काय होईल असं वाटलं होतं आणि झालं काय. उत्तर द्यायला माणसं आधी लाजत. मग भांडू लागली, वाळूवरून पैजा लावू लागली. सहा महिन्यांनी माणिक मूठ दाबून वाळूतलं पाणी सांगू लागला.

मग अपघात झाला. कोऱ्या तासातल्या एका साच्यात वाळू ओली राहिली होती. लोखंडाचा रस आत पडताच वाफ कोंडली आणि रस उसळला. ओतणारा माणिकच होता, साचाही त्याचाच. मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा हात भाजला.

हेमांगीने अपघाताचा अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि इस्पितळात जाऊन माणिकला सांगितलं, की मी हा तास बंद करते आहे.

"बंद करू नका," तो म्हणाला. "वाळू मोज्याच्या तळव्याला चिकटत हुती. मला कळलं हुतं, मॅडम. तरी मी म्हणलं, चालतंय. आता परत न्हाई चालायचं."

ती त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत बसली. आपण चुकलो होतो हे तिला स्पष्ट दिसत होतं. चूक तासाची नव्हती. शिकणाऱ्याच्या हातचा साचा त्याच्याच हातून ओतून घेतला, ही चूक होती. परत आल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे ओतण्याचं काम यांत्रिक हाताकडे दिलं. दोन वाजता चष्मे पुन्हा उतरले.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून आदेश आला, की कोरा तास तत्काळ थांबवावा. हेमांगीने एका ओळीत उत्तर पाठवलं: 'मी तो थांबवणार नाही, थांबवायचा असेल तर आधी मला काढावं लागेल.'

दोन आठवड्यांनी चौकशीसाठी तिला त्याच प्रयोगशाळेत बोलावण्यात आलं. टेबलापलीकडे केळुसकर होते, बाजूला डॉ. जमादार. शिक्षेचीच भाषा ऐकायला मिळणार, असं धरून हेमांगी आली होती. पण केळुसकरांनी आवाज खाली आणून वेगळंच सांगितलं. तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आपण काही ठरवणार नाही, असं ते म्हणाले. मग त्यांनी माणिकच्या हाताची चौकशी केली. तिला काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हेही विचारलं. हेमांगी चमकली. कारखान्यात ती जसं बोलायची, तसं हे बोलणं होतं.

तेव्हा जमादारांनी समोरचा आलेख वळवून दोघांना दाखवला.

"वर्षभरात वाळू बदलली आहे," ते म्हणाले. "आपण आता जुनीच वाळू पुन्हापुन्हा वापरतो. अठरा कारखान्यांत सदोष ओतकाम वाढत चाललं होतं, ते आत्ता कुठे थोपतंय. सूचकाने या काळात दोनशे अकरा सुधारणा शोधल्या, त्या सगळ्या एकाच कारखान्यातून आल्या. कोल्हापूरहून, दुपारी दोन ते तीनमधल्या."

केळुसकरांनी विचारलं, की हे कसं शक्य आहे.

"बाकीच्या ठिकाणी माणसं सूचक सांगतो तेच करतात. मग त्यांच्या नोंदींतून सूचकाला काय ऐकू येणार? स्वतःचाच प्रतिध्वनी. त्याचाही अपेक्षाभंग होत नाही, म्हणून तोही शिकत नाही. यांच्या माणसांनी चष्मे काढले, पण मोजे ठेवले. चुका फक्त तिथे झाल्या, म्हणून शिकणंही फक्त तिथे झालं."

केळुसकरांचा चेहरा उजळला. असं असेल तर हा तास एकोणिसाच्या एकोणीस कारखान्यांत सक्तीचा करावा, असं ते म्हणाले. प्रत्येक कामगाराने तासाला किमान तीन चुका कराव्यात आणि कोणत्या कराव्यात ते सूचक ठरवून देईल.

"सांगून केलेली चूक ही सूचनाच झाली," हेमांगी म्हणाली.

जमादारांनी होकारार्थी मान हलवली. मग काहीशा संकोचाने ते केळुसकरांकडे वळले.

"अजून एक सांगायला हवं, साहेब. नेतृत्वसूचकाचंही तेच झालंय. अठरा व्यवस्थापक आणि सगळे पर्यवेक्षक बटण सांगेल तेच बोलतात. आवाज बंद करून बटण नुसतं खिशात ठेवणाऱ्या या एकट्याच. त्यामुळे माणसांशी कसं बोलावं हे बटण गेली अडीच वर्षं फक्त यांच्याकडून शिकतंय. आज तुमच्या कानात जे येतंय, ते यांचंच आहे."

केळुसकरांचे कान लाल झाले. हेमांगीने शांतपणे विचारलं, "आत्ता काय सांगतंय ते?"

"तुम्हाला ठेवून घ्या, असं सांगतंय," केळुसकर म्हणाले. "वरून आदेश आला तरी मानू नका, असं."

त्यांनी बटण ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. अडीच वर्षांनंतर पहिल्यांदाच ते विनासूचना बोलणार होते आणि शब्द सापडायला त्यांना वेळ लागला. जे सापडले ते कर्कश होते.

"तुम्हाला कामावरून काढलंय," ते म्हणाले. "आजपासून. आणि हे मी ठरवलंय, मी स्वतः."

जमादार उठून काही बोलणार होते. हेमांगीने त्यांना हातानेच थांबवलं. चोवीस वर्षं एका वाक्यात संपली होती. तरी या माणसाने आज पहिल्यांदा काहीतरी स्वतः केलं, हेही तिला नाकारता येईना.

"निर्णय चुकीचा आहे, पण तुमचा आहे," ती म्हणाली. "मला तो मान्य नाही. उद्या दोन वाजता मी फाटकावर असेन."

दुसऱ्या दिवशी नव्या प्रमुखाला जागेवर बसवायला केळुसकर स्वतः कोल्हापूरला आले. हेमांगी पावणेदोनला फाटकाशी पोचली. तिचं ओळखपत्र चाललं नाही, पहारेकऱ्याने मान खाली घातली, आणि ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिने कोणालाही फोन केला नव्हता, निरोप धाडला नव्हता.

दोन वाजता साचेविभागातल्या बेचाळीस जणांनी चष्मे उतरवले. नव्या प्रमुखाने ते परत घालायला फर्मावलं. मग त्यांनी मोजेही काढले, कामाच्या बाकांवर ओळीने ठेवले आणि सगळे फाटकाकडे चालत आले. पुढे माणिक होता, हातावरची पट्टी अजून तशीच. घोषणा नव्हत्या. ते नुसते फाटकाच्या आत उभे राहिले आणि बाहेर ती.

केळुसकर खिडकीतून बघत होते. इकडे असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बटण त्यांनी पुण्यातच टाकलं होतं. ते खाली आले, गर्दीतून वाट काढत फाटकापर्यंत गेले आणि कडी त्यांनी स्वतः सरकवली.

"मगदूमबाई," ते म्हणाले आणि अडले. "माझं चुकलं का, मला अजून नीट कळलेलं नाही. पण तुम्ही आत या."

"येते," हेमांगी म्हणाली. "पण आदेश मागे घेतलात म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. तास चालू राहील. आणि आज पहिला साचा तुम्ही करायचा."

त्यांनी कोट काढून पहारेकऱ्याच्या खुर्चीवर ठेवला. साचेविभागात माणिकने त्यांना साच्याची पेटी दिली, फावडं दिलं, आणि कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी वाळू भरली, ठोकली, अंदाजाने पाणी शिंपडलं, पुन्हा ठोकली. पेटी उचलताच अख्खा साचा त्यांच्या चकचकीत बुटांवर ढासळला.

बेचाळीस माणसं होती, पण कोणी हसलं नाही. केळुसकर वाकले, मूठभर वाळू उचलून त्यांनी दाबली आणि बराच वेळ हातातल्या ढेकळाकडे बघत राहिले.