बिल्ला लावला होता का?

सात वाजले की शहरातल्या बायका विझायच्या.

शहर बसच्या ड्रायव्हरच्या सीटवरून शैलजा मगदूम हे रोज बघायची. भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या, क्लासमधून सुटलेल्या, दुकानाचं शटर ओढणाऱ्या बायका खांद्याशी हात न्यायच्या, पिन अडकवायच्या आणि रस्त्यावर नुसते पुरुष उरायचे. बायका कुठं गेलेल्या नसायच्या. तिथंच चालत असायच्या, आपसात बोलतही असायच्या. पण घरातल्या पंख्याचा आवाज जसा कानावर पडूनही ऐकू येत नाही, तसं त्यांचं व्हायचं.

त्या पिनेला सरकारी नाव होतं 'अलक्ष्यक'. लोक म्हणायचे बिल्ला. रुपयाएवढी चकती, मागे पिन. अंगावर पिन अडकवली की सुरू, उघडली किंवा अंगावरून उतरवली की बंद. आपला मेंदू समोर येईल ते सगळं बघत बसत नाही. नाकाचा शेंडा दिवसभर डोळ्यांसमोर असतो, तो कुणाला दिसतो का? मेंदू म्हणतो, हे सोडून दे. बिल्ल्यातून निघणारी मंद स्पंदनं आसपासच्या मेंदूंना एवढंच सांगायची: हिला सोडून दे. तिचं दिसणंही आणि तिचा आवाजही.

काय डोकं लढवलं होतं! रस्त्यावर बायकांना टक लावून बघणाऱ्यांचं करायचं काय, यावर वर्षानुवर्षं समित्या बसल्या, चहा-बिस्किटं झाली, आणि शेवटी निघालं काय, तर हे. बघणाऱ्यांना हात लावायचा नाही, बायकांनाच पुसून टाकायचं. छेडछाडीच्या तक्रारी धडाधड खाली आल्या. पुढाऱ्यांनी एकमेकांना हार घातले. तरीही एखादीला काही झालंच, तर घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा. बिल्ला लावला होता का?

बसवाल्यांना मात्र याचा वैताग होता. रिकामी सीट समजून पुरुष बायकांच्या मांडीवरच बसू लागले, तेव्हा 'हाताने चाचपून मगच बसा' अशा पाट्या लागल्या. त्यावरून तर वेगळीच भांडणं झाली. रस्त्यावर कुणी चिरडलं जात नव्हतं ते केवळ बसच्या कॅमेऱ्यांमुळे. कॅमेऱ्याला मेंदू नसतो, त्याला बिल्ला फसवू शकत नाही. आडवं कुणी आलं की बस स्वतःच ब्रेक लावायची. पण थांब्यावर थांबायचं की नाही, हे अजून ड्रायव्हरनेच ठरवायचं होतं. हात दाखवला की थांबायचं, नाहीतर पुढे. म्हणून बस लांबून दिसली की बायका पिन उघडायच्या, हात दाखवायच्या आणि चढून तिकीट काढलं की पुन्हा पिन अडकवायच्या.

वैताग असूनही शैलजा बिल्ल्याच्या बाजूची होती. कॉलेजात असताना ती बसने जायची, तेव्हा तिच्या आईने तिच्या ओढणीला एक मोठी सेफ्टी पिन लावून दिली होती. "कुणी अंगचटीला आला की टोच," एवढंच आई बोलली होती. शैलजाने ती बऱ्याच वेळा टोचली होती आणि दर वेळी घरी येऊन रडली होती. आपल्या पोरीच्या वाट्याला हे नको, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पोरगी मात्र आजीवर गेलेली. ओवी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बिल्ल्याचं नाव काढलं की तिचं टाळकं फिरायचं.

"मी काय केलंय गं? मी का गायब व्हायचं?"

"तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव. लाव म्हटलं की लावायचा."

ओवी लावायची आणि कोपऱ्यावर गेली की काढून दप्तरात टाकायची. हे कळल्यावर शैलजाने एका रविवारी तिच्या जर्किनचं अस्तर उसवलं, पिन अडकवलेला बिल्ला आत ठेवला आणि दुहेरी दोऱ्याने असा शिवला, की काढायचा तर कात्रीच हवी. "बस आली की जर्किन काढ, हात दाखव, चढलीस की घाल. आता बघू कशी काढतेस ते."

ओवी दोन दिवस आईशी बोलली नाही. मग ती जर्किन घालून जाऊ लागली. तशी थंडीही पडली होती.

त्या गुरुवारी शैलजा ड्यूटी संपवून घरी आली, तेव्हा ओवी आली नव्हती. कुकरची शिट्टी झाली तेव्हा दार वाजलं. दारात ओवी. हातात काढलेली जर्किन, तिची बाही खांद्यापासून उसवलेली. मनगट सुजून काळंनिळं झालेलं. चप्पल एकाच पायात.

"अगं बाई! काय झालं? पडलीस का?" शैलजा पुढे धावली. आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडून असं निघालं, की ते परत गिळता आलं असतं तर तिने जीभ चावून गिळलं असतं. "बिल्ला लावला होतास ना?"

ओवी तिच्याकडे बघत राहिली.

"आई, तू माझ्याकडं बघितलंस."

"काय?"

"सूतगिरणीच्या थांब्यावर. त्यानं माझा हात धरला होता. कॉलेजसमोरच्या मोबाईलच्या दुकानातला तो. महिनाभर मागं येतोय. मी हाका मारत होते. लोक बाजूनं जात होते आई, इतक्या जवळून, की त्यांच्या पिशव्या मला लागत होत्या. मग तुझी बस आली. मी सुटा हात वर केला. आई म्हणून ओरडले. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि निघून गेलीस."

"शक्य नाही. सूतगिरणीला कुणीच नव्हतं."

"मी होते."

त्याच्या हाताला कडकडून चावून ती सुटली होती आणि तशीच घरापर्यंत पळत आली होती. भर बाजारातून एका चपलेने पळणारी पोरगी कुणाच्याही लक्षात आली नव्हती. हे सांगून तिने हातातली जर्किन कोपऱ्यात फेकली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. शैलजा दाराबाहेर बसून राहिली. ओवीने जेवायला दार उघडलं नाही.

सकाळी शैलजा डेपोत गेली ती थेट बसमध्ये चढली. तिच्याबरोबर रोज असणारे कंडक्टर दस्तगीरभाई हातात चहाचा पेला घेऊन मागोमाग आले. "शैलाताई, तोंड असं का उतरलंय?"  तिने पुढच्या पडद्यावर कालचं चित्रण लावलं. बिल्ल्याची स्पंदनं चित्रणात उतरत नाहीत. पडद्यावर दिसायचं ते जसं होतं तसं.

थांबा लांबून दिसू लागला. कुणी नसलेला तो थांबा! तिथं बायकाच बायका होत्या, पिना अडकवून उभ्या, आपापल्या बसची वाट बघत. आणि एका टोकाला ओवी, एक हात वर केलेला, दुसरा हात एका चौकड्याच्या शर्टवाल्याच्या मुठीत. तिचं तोंड उघडं होतं. माणसं तिला वळसा घालून चालली होती, खांबाला घालतात तसा.

दुसरा कॅमेरा ड्रायव्हरवर होता. शैलजाने स्वतःचा चेहरा पाहिला. तिने मान वळवली, थांब्याकडे नीट बघितलं, पोरीच्या डोळ्यांना डोळे भिडवले. मग जांभई दिली आणि गाडी पुढे काढली.

दस्तगीरभाईंचा चहा तसाच राहिला. "या अल्ला," ते पुटपुटले, "मी पण खिडकीतच होतो की."

पोलीस चौकीतल्या घोडके साहेबांनी ते चित्रण शांतपणे पाहिलं. त्यांच्या शेजारी बिल्ल्याच्या योजनेच्या अधिकारी डॉ. सामंत बसल्या होत्या. अशा तक्रारींना त्यांना बोलावून घ्यायची पद्धत होती.

"बिल्ला लावला होता का?" घोडक्यांनी विचारलं.

"होता. मीच शिवून दिला होता."

"मग कसं व्हायचं बाई? बिल्ला सुरू असताना साक्षीदार कुठून आणणार? चित्रणात काय, त्यानं हात धरलाय. ओळखीचा असेल, रुसवाफुगवा असेल. ती ओरडत होती असं सांगणारा एक माणूस आणा."

"तिथं बाजार भरला होता. बसमध्ये माणसं होती. मी होते!"

"तुम्हाला ऐकू आलं का?"

शैलजाची कानशिलं तापली. ती सामंत बाईंकडे वळली. "मला एक सांगा. सगळ्या गावाला ती दिसत नव्हती. सख्ख्या आईला दिसली नाही. मग त्याला कशी दिसली?"

सामंत बाईंनी चष्मा काढून पुसला. "बिल्ला लक्ष वेधू देत नाही. पण एकाच व्यक्तीवर आधीपासून खिळलेलं लक्ष तो तोडू शकत नाही. कॉलेजच्या दारापासून तो मागे असेल, तर तिने जर्किन घालण्याआधीच त्याचं लक्ष तिच्यावर होतं. तुमचं तसं नव्हतं, तुम्ही बाहेरून आलात, तुमचं लक्ष रस्त्यावर. त्यात तुमचा काही दोष नाही."

"म्हणजे जो टपून मागं येतो त्याला ती दिसते. आणि जे मदतीला धावले असते त्यांनाच तेवढी दिसत नाही?"

"अगदी तसं नाही म्हणता येणार…"

"तसंच आहे! अहो, त्याला तुम्ही भर बाजारात बंद खोली करून दिलीत! हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"चाचण्यांमध्ये असं आढळलं होतं. पण प्रमाण फार कमी होतं, मगदूमबाई. बहुसंख्य महिलांचा फायदा बघावा लागतो."

"प्रमाण!" शैलजाने टेबलावर एवढ्या जोराने हात आपटला, की पेपरवेट घरंगळून खाली पडला. "माझी पोरगी तुमचं प्रमाण आहे होय? तिचं मनगट बघा जाऊन! लाज नाही वाटत?"

घोडके म्हणाले, आवाज खाली. घोडके म्हणाले, पोरीला काही दिवस घरीच ठेवा. शैलजा उठली. एक शब्दही न बोलता निघून आली, कारण बोलली असती तर तिला तिथंच बसवून ठेवलं असतं, आणि संध्याकाळी तिला बस चालवायची होती.

घरी येऊन तिने कात्री घेतली आणि अस्तराचे टाके कापायला बसली. तिचेच टाके, घट्ट, एकाला एक लागून. कापताना तिला रडू कोसळलं. ओवी दारात येऊन उभी राहिली.

"माझं चुकलं गं," शैलजा म्हणाली. "मला वाटलं तू कुणाला दिसलीच नाहीस तर बरी राहशील."

ओवी शेजारी येऊन बसली. तिने बिल्ला हातात घेतला, पिन उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"तो आजही तिथं असेल," ती म्हणाली. "रोज असतो. त्याला कसली भीती? मी येते तुझ्या बसमधून."

"येशील?"

"येते. जर्किन नको."

त्या संध्याकाळी बस सूतगिरणीच्या आधीच्या चौकात आली, तेव्हा शैलजाने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून उभी राहिली. निम्म्याहून जास्त सीटा रिकाम्या दिसत होत्या. तिने त्या रिकाम्या सीटांशी बोलायला सुरुवात केली. काल काय झालं ते सगळं सांगितलं, स्वतःच्या जांभईसकट. पुरुष प्रवासी एकमेकांची तोंडं बघू लागले. "जिला वाटेल तिने पिन उघडा. पुढच्या थांब्यावर तो उभा आहे. मला तो सगळ्यांनी बघायला हवाय."

 मग मागच्या बाजूला एक बाई दिसू लागली, पन्नाशीची, मांडीवर डबा. "बाई, तुमचं पटतंय," ती म्हणाली. "पण मला शेवटच्या थांब्यावरून पुढं अंधारातनं एकटीला जायचंय. बिल्ला काढून कशी जाऊ? तुम्ही येणार का सोडायला?"

शैलजाच्या मनात आलं, रोज कुणाकुणाला सोडणार?

"आज येते," ती म्हणाली. "बस आहे माझ्याकडं. उद्याचं उद्या बघू."

"मग उघडा गं पिना," ती बाई आजूबाजूच्या हवेला म्हणाली.

खट. खटखट. सीटा भरू लागल्या. नर्सच्या वेशातली एक, कडेवर पोर घेतलेली एक, दोघी कॉलेजच्या, दांडीला लोंबकळत उभ्या असलेल्या कितीतरी. दस्तगीरभाई तिकिटाचं मशीन हातात धरून बघतच राहिले. "अरे बापरे! एकेकीला तिकीट देतो, पण सगळ्या मिळून एवढ्या होतात?"

"आम्ही रोज असतो," नर्स म्हणाली.

बस सूतगिरणीला आली. चौकड्याचा शर्ट खांबाला टेकून मोबाईल बघत उभा होता. हाताला पट्टी होती. त्याने हात दाखवला नव्हता, तरी बस त्याच्यापुढेच थांबली. दार उघडलं. आधी ओवी उतरली, तिच्या मागोमाग शैलजा, मग एकेक करून सगळ्या. थांब्यावर नुसत्याच उभ्या असलेल्या बायकांनी हे पाहिलं, आणि तिथूनही खट, खट आवाज येऊ लागले.

त्याने ओवीला पाहिलं आणि ओळखीचं हसला. मग त्याला बाकीच्या दिसल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी हात उगारला नाही. सगळ्या फक्त बघत होत्या. शर्ट, पट्टी, केस, चपला, तोंड. त्याने उगाच कॉलर ओढली. डावीकडे सरकला, तर नजरा डावीकडे सरकल्या. मोबाईल खिशात घातला, पुन्हा काढला. बाजारातले येणारे-जाणारे थबकले आणि तेही त्याच्याकडे बघू लागले.

"काय आहे?" त्याचा आवाज चिरकला. "असं काय बघताय माझ्याकडं?"

ओवी दोन पावलं पुढे गेली. तिने आपला बिल्ला त्याच्यापुढे धरला, पिन उघडी.

"त्रास होतोय का?" तिने विचारलं. "मग तू का नाही लावत?"