पिवळ्या चिठ्ठ्या

बावन्न सालचा जून होता. कोर्टाचा व्हरांडा मी नुकताच पुसला होता, मॅग्नोलियाचा वास ओल्या फरशीवरून अलगद सरकत होता… आणि कडेला एक उंच, सावळा तरुण उभा होता, बूट हातात घेऊन.

"मोज्याला भोक आहे तुमच्या," मी म्हणाले.

"खाली बघताय म्हणून दिसलं. जरा वर बघा ना…"

वर पाहिलं – आणि बादलीतलं पाणी माझ्याच पायांवर सांडलं.

हे कॅलव्हिन पेटवे, अ‍ॅटलांटाचे वकील. माझा भाऊ रॉय न केलेल्या खुनासाठी तुरुंगात विजेच्या खुर्चीवरच्या मरणाची वाट पाहत होता. त्याला दोषी ठरवणाऱ्या ज्यूरीतले, म्हणजे निवाड्यासाठी गावातून निवडलेले, बाराही जण गोरे. ती शिक्षा रद्द करून घ्यायला कॅलव्हिन आले होते.

समोरच्या खानावळीत आम्हा काळ्यांना बसू देत नसत. म्हणून कॅलव्हिन दुपारी कोर्टाच्या मागच्या पायरीवर बसायचे, आणि माझ्या डब्यातली मक्याची भाकरी दोघांत व्हायची. पीचचा रस त्यांच्या मनगटावरून ओघळायचा… मी बघत नसे. म्हणजे, बघायचे.

"ज्यूरीची नावं म्हणे पेटीतून न बघता काढतात," एकदा ते उसासा टाकून म्हणाले.

मला हसू आलं. "नाव नसतील बघत. रंग दिसतो की! गोऱ्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या, आपल्या पिवळ्या. ती पेटी असते त्या खोलीचा केर आईनंतर मीच काढते. बाबांचं नाव जन्मभर त्या पेटीत होतं, एकदाही बाहेर आलं नाही."

त्यांनी अर्धं पीच खाली ठेवलं. "हे शपथेवर सांगाल? नोकरी जाईल तुमची."

"नोकरी जाऊ दे. रॉय जायला नको."

त्यांनी हात पुसले आणि वही काढली. झाडांवर किडे भर दुपारी किरकिरत होते…

साक्षीच्या दिवशी कॅलव्हिन मला 'मिस टॉलिव्हर' म्हणाले. मी चिठ्ठ्यांचं सांगून झाल्यावर सरकारी वकील उठले ते थेट एकेरीवरच आले.

"काय गं व्हर्ना, मागच्या पायरीवर रोज या वकिलाबरोबर बसतेस ना? आवडतो वाटतं तुला?"

लोक खदखदून हसले. 'हो' म्हणावं, तर प्रेमापोटी खोटं बोलते म्हणतील. 'नाही' म्हणावं, तर हात बायबलवर ठेवलेला. आणि ज्यांना सांगायचं, त्यांना तर अजून…

"आवडतात," मी म्हणाले. "फार आवडतात. त्यांनाही हे आत्ताच कळतंय."

कॅलव्हिनच्या हातातली पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली.

"पण मी प्रेमात पडले म्हणून कागद पिवळा होत नाही, साहेब. पेटी उघडा."

न्यायाधीशांनी पेटी उघडायला लावली. टेबलावर चिठ्ठ्या पसरल्या – पांढऱ्या, पांढऱ्या, पिवळ्या… या वेळी कुणी हसलं नाही.

रॉयची शिक्षा रद्द झाली. खटला नव्याने चालणार होता. बाहेर जिन्यात कॅलव्हिननी मला गाठलं.

"साक्षीदाराला एक प्रश्न विचारायचा राहिला. आता शपथ नाहीये हं, खोटं बोललात तरी चालेल. माझ्याशी लग्न कराल?"

"आधी रॉयला घरी आणा," मी म्हणाले. "मग त्यालाच विचारा."

चौदा महिने लागले. रॉय सुटून आला, आणि पहिल्याच जेवणाला कॅलव्हिननी त्याच्याकडे मागणी घातली. रॉयने आपली भाकरी त्यांच्यापुढे सरकवली.

"न्या," तो म्हणाला. "पण लांब नेऊ नका. घर तुरुंगासारखं शांत झालं की मला अजून भीती वाटते."

लग्न झाल्यावर आम्ही रॉयच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं. दिवसभर मी मुद्दाम भांडी वाजवायचे, कॅलव्हिन बेसूर गायचे… आणि पलीकडून रॉय ओरडायचा, "अरे, जरा हळू!"