शेजारची धाप

बसा. अजून कोणी आलेलं नाही, आणि हल्ली धुकं विरळ झाल्याशिवाय कोच कोणाला तलावाच्या बांधावर सोडत नाहीत. या दिव्याखालचा बाक तेवढा कोरडा असतो. काल तुम्ही कोचना विचारत होतात ना, साठीला टेकलेल्या या बाईला धाप कशी लागत नाही म्हणून? कळलं मला. इथे काही लपून राहत नाही. त्यांना काय विचारता, मीच सांगते.

मी काही हौसेने पळायला लागले नाही. ऑक्सिजनचं मशीन परत करायला गेले होते. आमचे हे गेल्यावर ते भाड्याचं मशीन पलंगाशेजारी तसंच पडून होतं. एका सकाळी ते टॅक्सीत घातलं आणि दुकानात नेऊन दिलं. दुकानदाराने नळ्या गुंडाळल्या, मशीन पुसलं आणि म्हणाला, फार सेवा केलीत हो. त्या दिवसांत जो तो मला हेच सांगायचा. बाहेर आले तर हात रिकामे. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणजे उशीर का झाला विचारणारंही कोणी नाही. शेजारी बुटांचं दुकान होतं. आत गेले. विक्रेत्याने विचारलं, चालायचे दाखवू का? मी म्हटलं, पळायचे दाखवा. असं का म्हटलं, ते मला आजही ठाऊक नाही.

हे वजनकाट्यावर मुख्य होते. मालाचे ट्रक काट्यावर चढायचे आणि यांनी मान हलवल्याशिवाय उतरायचे नाहीत. घरातही तीच रीत. मी किती बोलावं, किती हसावं, कोणाकडे किती वेळ बसावं, सगळं यांच्या काट्यावर तोललेलं. मग छातीने दगा दिला. जन्मभर दुसऱ्याला दम देणाऱ्या माणसाला जिना चढताना दम लागू लागला. पुढे पलंग आला, मशीन आलं, आणि घरात एकच आवाज उरला. श्वास आत घेताना गंजलेली बिजागरी फिरावी तशी कुरकुर, बाहेर सोडताना शेवटाला बारीक शीळ, आणि मग काही क्षण काहीच नाही. त्या काहीच नसण्याने मी खडबडून जागी व्हायचे. कित्येक वर्षं मी झोपले नाही हो, नुसती त्या आवाजाच्या कडेला पडून राहिले.

आणि माझी नोकरी तरी कसली? कान तपासायची. दवाखान्यात एक आवाजबंद खोली आहे, जाड भिंतींची. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, मी बाहेर काचेपलीकडे. मी बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दिवसभर लोकांना ऐकू येतं की नाही ते बघायचं आणि रात्रभर आपण ऐकत राहायचं. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, मला ऐकण्यात चूक होत नाही.

तर, बूट घेतले आणि या पळणाऱ्या लोकांत येऊन मिसळले. कोचनी पहिल्या दिवशी दिव्याच्या दोन खांबांमध्ये पळवलं, दोन खांबांमध्ये चालवलं. माझा जीव तोंडाशी आला. कासवमामा माहीत आहेत ना, अँब्युलन्सचे जुने ड्रायव्हर? सगळ्यांत शेवटी पळायचे ते. मला म्हणाले, ताई, घाई करू नका, मी आयुष्यभर घाई केली, पोचल्यावर बहुतेक वेळा उपयोग नव्हता. मी हसले. कितीतरी वर्षांनी मोठ्याने हसले. छाती फुलून यायची, खाली बसायची, आणि ती माझी स्वतःची होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी सुखी होते.

वरच्या मजल्यावर माझी नणंद राहते. तिला हे बघवेना. दादाची खोली अजून रिकामी झाली नाही आणि वहिनी अर्ध्या चड्डीत गावभर धावतेय, असं ती ज्याला त्याला सांगे. तोंडावर मात्र एवढंच म्हणायची की वहिनी, पाय जपा. यांच्या दुखण्यात हीच नणंद दारात उभी राहून विचारपूस करून जायची. आत आली नाही कधी. वास येतो म्हणायची.

वास यायचाच. रबरी मास्कचा, ओलसर, शिळा वास.

तो वास मला बांधावर आला, तेव्हा अशाच थंडीची सुरुवात होती. त्या सकाळी लांबची दौड होती, तलावाला पूर्ण वळसा. पुढचे पुढे गेले, कासवमामा मागे राहिले, मी मधल्यामध्ये एकटी. धुकं इतकं की बांधाची कड पायाखाली आल्यावरच दिसावी. खाली पाणी होतं, पण पाण्याचा आवाज नव्हता. माझ्या बुटांची थपथप तेवढी. आणि मग डाव्या अंगाला कोणीतरी धापा टाकत आलं. वाटलं, मागून कोणी गाठलं. मी रस्ता द्यायला उजवीकडे सरकले. कोणी पुढे गेलं नाही. धाप माझ्या खांद्याशीच राहिली. तिला पावलं नव्हती.

आत घेताना कुरकुर. सोडताना शीळ. मग काहीच नाही...

मी थिजले असते, पण पाय थांबेनात. ते आपले सुरळीत चालले होते. आणि तेव्हा ध्यानात आलं की मला दम लागलेलाच नाही. तोंड मिटलेलं, छाती शांत, जणू खुर्चीत बसले आहे. चढ आला. शेजारची धाप वाढली, मला काही नाही. मी वेग वाढवला. धाप फाटल्यासारखी झाली, मला काही नाही. वळसा पुरा करून मी पुढच्यांच्याही आधी इथे येऊन उभी राहिले. कोचनी मनगट धरून नाडी बघितली आणि म्हणाले, बाई, तुमचं हृदय विशीतलं आहे.

घरी आले. जिना चढले, नेहमीसारखा, एका लयीत. वर नणंद कठड्यावर वाकून उभी होती. म्हणाली, वहिनी, एवढी धाप लागते तर कशाला करता हे? खालच्या दारापासून ऐकू येतंय.

माझं तोंड मिटलेलं होतं.

त्या दिवशी कामावर गेल्यावर मी दुसऱ्या पाळीच्या बाईंना म्हटलं, माझे कान जरा तपासा, डाव्या कानात काहीतरी वाजतंय. आवाजबंद खोलीत जाऊन बसले. दार लागलं की त्या खोलीत स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं, इतकी शांतता. हेडफोन चढवला. आणि डाव्या बाजूला, हेडफोनच्या बाहेर... कुरकुर. शीळ. मी श्वास रोखून धरला. एकदम घट्ट, ओठ दाबून. म्हटलं, माझाच असेल तर आता थांबेल.

काचेपलीकडून बाईंचा आवाज हेडफोनात आला, अगदी हळू.

"ताई, जरा शांत श्वास घ्या ना... आतल्या माइकमधून मला नुसती तुमची धापच ऐकू येतेय."

आवाज भ्रमाचा असता तर तो माझ्या डोक्यात राहिला असता. माइकला भ्रम होत नाही.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई घाबरली, पळणं सोडलं, कुठे शांती वगैरे केली. रडले जरूर, दवाखान्याच्या मोरीत नळ सोडून. पण ते भीतीचं रडू नव्हतं. माझ्या मनात आलं, मेल्यावरसुद्धा? एवढी वर्षं या माणसाच्या श्वासाची राखण केली, आता चार सकाळी माझ्या म्हणून मिळाल्या, त्यातही हा डाव्या बाजूला? आणि त्या रडण्यातच दुसरा विचार आला. त्याने माझे डोळे कोरडे झाले. श्वास त्याचा खर्ची पडतोय. दमतोय तो. मी नाही.

दुसऱ्या दिवशी बांधावर आले, धाप खांद्याशी आली, आणि मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. उभ्या संसारात यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. लोकांसमोर नाही, एकांतात नाही. त्या सकाळी म्हटलं,

"पळ."

मी त्या आवाजाला चढावर नेलं. सावलीच्या वाटा सोडून उन्हाच्या धरल्या. कोच म्हणायचे आज विश्रांती, मी तरी निघायचे. पाणी प्यायला थांबायचे नाही, मला तहानच नव्हती. तो तडफडायचा, शीळ तुटत जायची, आणि मला आत कुठेतरी गोड वाटायचं. नासक्या फळासारखं गोड, पण गोडच. यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता. आता माझं सगळं ओझं वाहत होते. कोच सगळ्यांना माझं उदाहरण देऊ लागले. बायका येऊन विचारायच्या, तुम्ही काय खाता? मी सांगायचे, नवऱ्याचं डोकं. त्या खळखळून हसायच्या.

कासवमामा मात्र हसले नाहीत. एकदा बुटांची नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, गाडीत असा आवाज मी पुष्कळ ऐकलाय. तो असा फार दिवस ओढू नये." त्यानंतर ते माझ्याजवळ आले की उजव्या बाजूनेच राहायचे.

मॅरेथॉनचा दिवस आला. हजारो माणसं, ढोलासारखी वाजणारी पावलं, कडेला टाळ्या. त्या गर्दीत धाप हरवेल असं वाटलं होतं. हरवली नाही. अर्धं अंतर होईपर्यंत ती तालात होती. मग माणसं विरळ झाली. कोणी पोटऱ्या धरून बसलेलं, कोणी ओकत होतं, आणि मी त्यांच्यामधून वाऱ्यासारखी. शेवटच्या पुलावर चढ आहे. तिथे शीळ थांबली. कुरकुर घशात अडकू लागली. मशीनजवळच्या शेवटच्या रात्री अडकायची ना, अगदी तशी. वास एवढा दाटला की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या घरघरीतून शब्द आला.

"थांब..."

हा शब्द मला पाठ होता. हे कधी आवाज चढवायचे नाहीत, नुसतं थांब म्हणायचे. हातातला घास असो की उंबरठ्याबाहेरचं पाऊल असो, मी जिथल्या तिथे थांबायचे. कशासाठी थांबवलं, ते विचारायची सोय नव्हती.

"थांब गं... जरा..."

त्या 'जरा'ने माझं एक पाऊल आखूड पडलं, नाही म्हणत नाही. आयुष्यात पहिल्यांदा यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मी पुलाच्या मध्यावर होते. दोन्ही बाजूंना खाली पाणी, समोर उतार. थांबले असते तर काय झालं असतं, ते देव जाणे.

मी थांबले नाही.

उतार लागला आणि डाव्या बाजूला एक लांब, पोकळ उसासा निघाला. त्यापुढे काहीच नाही. मी सवयीने वाट बघितली, पुढच्या कुरकुरीची. पलंगाशेजारी बघायचे तशी. ती आली नाही. पाय आपले पळत राहिले. मी शेवटची रेघ ओलांडली, कोणीतरी गळ्यात पदक घातलं, कोचच्या डोळ्यांत पाणी होतं. मला आनंद झाला नाही. मोकळंही वाटलं नाही. कोणी गाढ झोपेत पांघरूण ओढून न्यावं, तसं झालं. औषधोपचाराच्या तंबूतल्या नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा उमटेना. तिने बोट बदललं, मग चिमटा बदलला. शेवटी म्हणाली, हात फार गार पडलेत तुमचे, कधी कधी नाही दाखवत. आणि पुढच्या माणसाकडे गेली.

हे गेल्या हंगामातलं. तेव्हापासून घर शांत आहे. नणंद जिन्यात भेटली की म्हणते, वहिनी, हल्ली तुमची चाहूलच लागत नाही. कासवमामांनी पळणं सोडलं. गुडघा म्हणतात. मॅरेथॉननंतर रोज सकाळी माझ्या जोडीने पळायला लागले होते आणि महिन्याभरात त्यांना चार पावलंही टाकवेनात, धाप लागून. गुडघ्याने धाप लागते का हो? आता मला कोणीतरी जोडीला हवं होतं, म्हणून तर कोचनी तुमची गाठ घालून दिली.

ते बघा, धुकं विरतंय. आज गारठा चांगलाच आहे. तुमच्या तोंडातून कशी वाफ निघतेय, दिव्यात स्पष्ट दिसते. मी केव्हाची बोलतेय, माझ्या तोंडापुढे काही दिसतंय का तुम्हाला? नाही ना? मलाही नाही दिसत.

चला, उठू या. हळूहळूच जाऊ.

अहो... पण तुम्ही एवढ्या धापा का टाकताय? आपण तर अजून बाकावरच बसलोय.