खिळ्यावरची वायर

मोबाईल खाली ठेवा आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन. थापा मारत नाही मी, माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलंय हे.

मेव्हणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गेल्या महिन्यातला पहिला शनिवार, रात्रीचे साडेनऊ. गल्लीतल्या काकू दारात उभ्या. "परदेशात लेकीचं उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे रे. एकदा तोंड बघायचंय तिचं, आणि मेलं ते नेटच लागत नाहीये." काकूंचा फोन साधा, बटणांचा, आणि मेव्हण्याचा मोबाईल नेमका दुपारीच पाण्यात पडलेला. मग काय, पिशवी घेऊन गेला बिचारा.

कॉम्प्युटर जुनापुराणा, काकांचा. वायर लावल्याशिवाय त्याला नेट नाही. काका जाऊन वर्ष झालेलं. त्यांची एक खोड होती. झोपण्याआधी नेटची वायर काढायची, गुंडाळायची आणि खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायची. का, तर वीज पडून मशीन जळेल. आभाळात ढग नसला तरी!

मेव्हणा बघतो तर नेटवर्कचं सेटिंगच गायब. सगळे रकाने रिकामे. त्यानं भरले, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा रिकामे. नेटचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, काढून परत टाकला. पुन्हा तेच! तासभर हाच तमाशा. शेवटी डोकं फिरलं त्याचं. "भंगारात घाला हो हे डबडं!" म्हणून ओरडला. काकू रडायलाच लागल्या. आता आली का पंचाईत!

ओशाळून आत गेला, पाणी प्यायला. परत आला तर... वायर खिळ्याला. नीट गुंडाळलेली.

"काकू, वायर का काढलीत?"

"मी? मी जागची हललेय का?"

घरात तिसरं कुणी नव्हतं.

त्यानं वायर लावली. रकाने भरले. मान वळवली...

वायर खिळ्याला.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काकू मात्र उठल्या. डोळे पुसले. काकांच्या रिकाम्या खुर्चीवर कडाडल्या, "अहो, आज तरी पुरे करा! तुमचीच पोर आहे ना ती? घाबरलीय हो..."



पंखा फिरत होता...

आणि स्क्रीनवर लेक आली. "आई..." दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मेव्हण्यानं सुटकेचा श्वास सोडला. पिशवी उचलली. दाराशी आला, आणि थबकला.

वायर लावायला तो उठलाच नव्हता.

लेकीचं ऑपरेशन सुखरूप झालं. काकू आता रोज रात्री तिच्याशी बोलतात, त्याच कॉम्प्युटरवर.

वायर अजून खिळ्यालाच आहे.